कस्टम कंपोनंट बनवताना प्लेट कशाला बांधायची, हे आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. टेकला स्ट्रक्चर्स या इमारतीच्या सांगाड्याचं थ्रीडी मॉडेल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बीम आणि कॉलमच्या जोडासाठी फिन प्लेटचं (बीमला कॉलमशी जोडणाऱ्या उभ्या प्लेटचं) कस्टम कंपोनंट, म्हणजे मापं बदलून पुन्हा पुन्हा लावता येणारा तयार जोड, बनवलं आहे. प्लेट कॉलमच्या वेबला (आय आकाराच्या सेक्शनच्या मधल्या पट्टीला) वेल्ड होते, बीमच्या वेबला बोल्टने बसते आणि कॉलमच्या वेबच्या मागच्या बाजूला एक स्टिफनर (आधाराची प्लेट) आहे. ज्या बीमवर ते तयार केलं तिथे उत्तम चालतं. मोठ्या बीमवर लावलं की प्लेट जुन्याच उंचीची राहते, बोल्टच्या रांगा वाढवल्या की बोल्ट प्लेटच्या बाहेर जातात आणि उतरत्या बीमवर सगळंच विस्कटतं. हे कसं दुरुस्त करायचं?

या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत. प्लेटची उंची बदलत नाही, कारण तिच्या खालच्या कडेला कोणी मालकच नेमलेला नाही. बोल्ट बाहेर जातात, कारण प्लेट आणि बोल्ट दोन वेगवेगळ्या आकड्यांवर चालतात. उतारावर विस्कटतं, कारण काही कडा बीमच्या मागे जातात, काही कॉलमच्या, आणि ही वाटणी कोणी विचार करून केलेली नाही. कंपोनंटमधली भूमिती काढणं सोपं असतं. खरं काम म्हणजे प्रत्येक कडेने कोणाच्या मागे जायचं हे ठरवणं, आणि ते एडिटर उघडण्याआधी कागदावर करावं असं माझं ठाम मत आहे.

त्याआधी एक गोष्ट. नुसती फिन प्लेट हवी असेल तर स्वतःचं काही बनवू नका. टेकलाच्या कॅटलॉगमध्ये सिंपल शिअर प्लेटचं १४६ क्रमांकाचं कंपोनंट तयार आहे, तसं एंड प्लेटचं १४४, क्लिप अँगलचं १४१ आणि बेस प्लेटचं १००४. ही कंपोनंट वर्षानुवर्षं वापरात आहेत आणि तुम्हाला न सुचलेल्या कितीतरी परिस्थिती त्यांना ठाऊक असतात. तुमच्याकडे मागचा स्टिफनर आहे आणि त्याची उंची प्लेटशी जुळायला हवी, म्हणून कस्टम कंपोनंटचा निर्णय योग्यच आहे.

आता प्रकार. कस्टम कंपोनंट चार प्रकारचं असतं: कनेक्शन, डिटेल, सीम आणि पार्ट. कनेक्शनला एक मेन पार्ट आणि एक किंवा अधिक सेकंडरी पार्ट लागतात. डिटेलला एक पार्ट आणि त्यावरचा एक बिंदू पुरतो. सीम दोन बिंदूंमधल्या रेषेवर बसतो. पार्टला नुसते बिंदू लागतात, त्याला आजूबाजूच्या बीम-कॉलमची ओळखच नसते. तुमच्या जोडाला कनेक्शनच हवं: कॉलम मेन, बीम सेकंडरी. पार्ट म्हणून बनवलं असेल तर ते दुरुस्त करत बसू नका, एक्सप्लोड करून (त्याचे सुटे भाग करून) नव्याने कनेक्शन म्हणून डिफाइन करा. एकापेक्षा जास्त सेकंडरी असतील तर डिफाइन करताना ज्या क्रमाने निवडाल तोच क्रम वापरतानाही पाळावा लागतो. तेव्हा तो क्रम कंपोनंटच्या वर्णनात लिहून ठेवा, नाहीतर दुसरा डिटेलर (मॉडेल आणि ड्रॉइंग करणारा) उलटा क्रम घेईल आणि दोष कंपोनंटला देईल.

नमुना म्हणून कोणता बीम घ्यायचा, यालाही महत्त्व आहे. सगळी मापं एकमेकांपासून वेगळी असतील असे सेक्शन घ्या. प्लेटही १० ची, फ्लँजही (वेबच्या टोकाची पट्टी) १० चा, क्लिअरन्सही (दोन भागांमधली मोकळी जागा) १० चा असं झालं की एखादं हँडल (पार्टचा हलवता येणारा कोपरा) चुकीच्या प्लेनला (पातळीला) बांधलं गेलं तरी चित्र बरोबरच दिसतं आणि चूक सहा महिन्यांनी दुसऱ्याच प्रोजेक्टवर सापडते. मी आयपीई ३०० बीम आणि एचईबी २०० कॉलम (दोन्ही प्रमाणित आय सेक्शन) घेऊन लिहितो, सगळी मापं मिमीमध्ये. बोल्ट एम२०, भोक २२.

प्लेट कशी काढायची? चार कोपऱ्यांची काँटूर प्लेट घ्या, म्हणजे चार हँडल मिळतील आणि प्रत्येकाला वेगळं बांधता येईल. एडिटरमध्ये हँडल निवडून बाइंड टू प्लेन दिलं की टेकला एक डिस्टन्स व्हेरिएबल तयार करतो: डी१, डी२ असे. काय कशाला बांधायचं, ते असं.

वरचे दोन कोपरे बीमच्या वरच्या प्लेनला बांधा. अंतर ५० ठेवा.

खालचे दोन कोपरेही बीमच्या *वरच्याच* प्लेनला बांधा. बहुतेक जण इथे चुकतात. खालचा कोपरा आहे म्हणून तो बीमच्या खालच्या फ्लँजला बांधण्याचा मोह होतो. तसं केलं की बीमची उंची वाढल्यावर प्लेट ताणली जाते आणि बोल्ट मात्र तीनचे तीनच राहतात. प्लेटची उंची बोल्टवरून ठरते, बीमवरून नाही. म्हणून खालच्या कोपऱ्याचं अंतर फॉर्म्युल्याने यायला हवं.

वेल्डच्या बाजूचे कोपरे कॉलमच्या वेबच्या पृष्ठभागावर हवेत. बाउंडरी प्लेन वापरू नका, ते सेक्शनच्या बाहेरच्या चौकटीचं असतं आणि आय सेक्शनमध्ये वेबच्या जवळपासही नसतं. आउटलाइन प्लेन वेबला चिकटतं, पण पुढे कोणी आय सेक्शनच्या जागी हॉलो सेक्शन टाकला तर ती कडच उरत नाही. मी सेंटर प्लेनला बांधतो आणि अंतर म्हणून वेबच्या जाडीचा अर्धा भाग देतो. ही जाडी हाताने टाइप करायची नाही, मेन पार्टच्या प्रोफाइलमधून एफटीपीएल फंक्शनने वाचून घ्यायची. एचईबी २०० चा वेब ९ मिमी आहे, म्हणजे अंतर ४.५. एचईबी ३०० चा ११, म्हणजे ५.५. हाताने ४.५ टाकलं असेल तर दुसऱ्या कॉलमवर प्लेट वेबमध्ये १ मिमी घुसते. स्क्रीनवर हे दिसत नाही. क्लॅश तपासणीची (भाग एकमेकांत घुसतात का ते पाहण्याची) टॉलरन्स १ मिमीपेक्षा जास्त ठेवली असेल तर तिथूनही सुटतं. प्लेट मात्र १ मिमी जास्त लांब कापली जाते.

आता आकडे. व्हेरिएबल्समध्ये हे चार घ्या: पी१ बोल्टच्या रांगा, पी२ पिच (दोन रांगांमधलं अंतर) ७०, पी३ एज डिस्टन्स (बोल्टपासून कडेपर्यंतचं अंतर) ४०, पी४ बीमच्या माथ्यापासून प्लेटच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर ५०. पुढचं सगळं यांच्यातूनच निघालं पाहिजे.

पी५ = (पी१ - १) + "*" + पी२
पी६ = (पी१ - १) * पी२ + २ * पी३

पी५ चा प्रकार डिस्टन्स लिस्ट ठेवा. बोल्ट ग्रुपला अंतरं मजकुराच्या रूपात लागतात. तीन रांगांना त्याला "२*७०" असं वाचायचं असतं आणि हा फॉर्म्युला नेमका तोच मजकूर जोडून देतो. पी५ बोल्ट ग्रुपच्या एक्स दिशेच्या अंतराला द्या. पी६ ही प्लेटची उंची, तिचा प्रकार लेंग्थ. तीन रांगांना २२०, चार रांगांना २९०. खालच्या कोपऱ्यांच्या डी व्हेरिएबलमध्ये पी४ + पी६ लिहा. बोल्ट ग्रुपचा पहिला बिंदू बीमच्या वरच्याच प्लेनला पी४ + पी३ अंतरावर बांधा, म्हणजे ९० वर. एडिटरमध्ये आलेलं मूळ अंतर उणे दिसत असेल तर फॉर्म्युल्यालाही उणे चिन्ह लावा, नाहीतर प्लेट बीमच्या डोक्यावर जाऊन बसेल. आता बोल्ट प्लेटबाहेर जाऊच शकत नाहीत, कारण प्लेटला स्वतःचा असा आकडाच उरलेला नाही.

पण प्लेट बीमबाहेर जाऊ शकते. आयपीई ३०० ला खालच्या बाजूला १०.७ चा फ्लँज आणि १५ ची रूट रेडियस (वेब आणि फ्लँज मिळतात तिथली गोलाई) मिळून २५.७ जातात. म्हणजे माथ्यापासून २७४.३ पर्यंतच सपाट वेब मिळतो. तीन रांगांची प्लेट ५० वर सुरू होऊन २७० वर संपते, बसते. चार रांगांची ३४० वर संपेल, म्हणजे फ्लँज फोडून बाहेर. म्हणून आणखी एक व्हेरिएबल घ्या, पी७, जास्तीत जास्त किती रांगा बसतात ते सांगणारं: बीमची उंची वजा फ्लँज वजा रूट वजा पी४ वजा एज डिस्टन्सची दुप्पट, भागिले पिच, त्याचा फ्लोअर (खालचा पूर्णांक), अधिक १. याप्रमाणे आयपीई ३०० ला ३ येतात, आयपीई ४०० ला ४, आयपीई ५०० ला ५.

यावर मला कळकळीने एक सांगायचं आहे. पी७ हाती आल्यावर पुष्कळ जण फॉर्म्युला असा लिहितात की मागितलेल्या रांगा जास्त झाल्या तर कंपोनंट गुपचूप कमी करून बसवतं. असं करू नका. चार बोल्ट इंजिनीअरने भार पाहून सांगितलेले असतात. कंपोनंटने तीन बसवले आणि सगळं हिरवं दाखवलं, तर ती चूक मॉडेलमध्ये कोणालाच दिसणार नाही. मी उलट करतो. पी१ जसाच्या तसा ठेवतो आणि प्लेटच्या क्लास या गुणधर्माला फॉर्म्युला देतो: पी१ हा पी७ पेक्षा मोठा असेल तर क्लास २, नाहीतर नेहमीचा. नेहमीच्या रंगसेटिंगमध्ये क्लास २ म्हणजे लाल. प्लेट फ्लँजमधून बाहेर आलेलीही दिसते आणि लालही दिसते. मग डिटेलर इंजिनीअरला विचारतो, आणि तो प्रश्न विचारला जाणं फार महत्त्वाचं आहे.

रांगांचा आकडा बीमच्या उंचीवरून आपोआप ठरवावा का? इफ-देन लिहून तसं करता येतं. पण त्याहून चांगला मार्ग म्हणजे एफव्हीएफ फंक्शन. हे साध्या टेक्स्ट फाइलमधून आकडा वाचतं: फाइलचं नाव, शोधायची किल्ली आणि स्तंभाचा क्रमांक द्यायचा. फाइलमध्ये प्रत्येक प्रोफाइलची एक ओळ ठेवा, पुढे रांगा आणि प्लेटची जाडी. इंजिनीअरने तक्ता बदलला तर फाइल बदलते, कंपोनंट उघडावं लागत नाही. तक्त्यापेक्षा वेगळा आकडा हवा असेल त्यासाठी डायलॉगमध्ये एक जागा ठेवा: ० म्हणजे तक्त्याप्रमाणे, त्याहून मोठं काही असेल तर तेच घ्यायचं.

स्टिफनरच्या बाबतीत ही मालकीची वाटणी सगळ्यात स्पष्ट दिसते. आडव्या दिशेने त्याच्या कडा कॉलमच्या आहेत: एक वेबच्या मागच्या पृष्ठभागावर, दुसरी फ्लँजच्या टोकाला. उभ्या दिशेने मात्र तो पूर्णपणे बीमचा आहे: माथा पी४ वर, तळ पी४ + पी६ वर. एकच तुकडा, दोन मालक. ही वाटणी केली की कॉलम बदलला तर त्याची रुंदी बदलते आणि बोल्ट बदलले तर उंची. स्टिफनर हवा की नको, यासाठी यस-नो प्रकारचं व्हेरिएबल करून ते स्टिफनरच्या क्रिएशन या गुणधर्माला जोडा. नको म्हटल्यावर त्याचा वेल्ड आणि कट मागे राहत नाहीत ना, हेही पाहा. कोपऱ्यांवर रूट रेडियससाठी काप द्यायचा असेल तर हँडलची संख्या वाढते. तेव्हा प्रत्येक हँडल वेगळं बांधत बसण्यापेक्षा एक कन्स्ट्रक्शन प्लेन काढा, ते मॅग्नेटिक करा आणि फक्त ते प्लेन बांधा. त्यावर बसलेली हँडल्स त्याच्यासोबत हलतात.

आता उतरता बीम. तुमच्या प्लेटची बाहेरची उभी कड बहुधा कॉलमला समांतर बांधलेली आहे, आणि बोल्टची ओळ बीमच्या अक्षाला काटकोनात आहे. आडव्या बीमवर या दोन्ही एकमेकींना समांतर असतात, म्हणून काही कळत नाही. बीम १० अंशांनी उतरला की पहिल्या आणि तिसऱ्या बोल्टमधल्या १४० च्या अंतरात ओळ २४ मिमी सरकते. कडेपासूनचं ४० चं अंतर एका टोकाला जेमतेम १६ उरतं. भोकाची त्रिज्याच ११ आहे. म्हणजे भोकाच्या पलीकडे ५ मिमी स्टील.

उपाय असा की बाहेरचे दोन कोपरे बोल्टच्या ओळीला समांतर असलेल्या कन्स्ट्रक्शन प्लेनला बांधा आणि ते प्लेन बीमच्या मागे जाऊ द्या. वेल्डची कड कॉलमच्याच मागे राहील. प्लेट समलंब आकाराची होईल आणि तसंच व्हायला हवं. पण हे सगळं आडव्या बीमच्या कंपोनंटमध्ये कोंबू नका. उतरत्या बीमसाठी वेगळं कंपोनंट करा. एकाच कंपोनंटमध्ये आडवा, उतरता, तिरपा, वेबला, फ्लँजला असं सगळं घालणारे लोक मी पाहिले आहेत. शेवटी त्यांचा डायलॉग इतका मोठा होतो की बनवणाऱ्याशिवाय कोणीच तो वापरत नाही. उताराच्या फॉर्म्युल्यात साइन किंवा टॅन वापरणार असाल तर लक्षात ठेवा, टेकला कोन रेडियनमध्ये समजतो. अंशांत द्यायचा असेल तर आकड्यापुढे डी हे अक्षर लावावं लागतं.

वेल्डबद्दलही नीट लक्ष द्या, कारण याचा परिणाम ड्रॉइंगवर होतो. वेल्ड देताना आधी कॉलम निवडा, मग प्लेट. टेकला पहिल्या निवडलेल्या पार्टला असेंब्लीचा (वेल्ड करून एकत्र केलेल्या तुकड्याचा) मेन पार्ट धरतो. उलटं झालं तर असेंब्लीचा मेन पार्ट प्लेट होते आणि कॉलमची असेंब्ली प्लेटच्या मार्कने (ओळख क्रमांकाने) बाहेर पडते. शॉपमध्ये (फॅब्रिकेशनच्या कारखान्यात) हा गोंधळ निस्तरायला बराच वेळ जातो. पार्टचा प्रिफिक्स, असेंब्लीचा प्रिफिक्स आणि मटेरियल ग्रेड हे तिन्ही व्हेरिएबल म्हणून बाहेर काढा, प्रत्येक प्रोजेक्टचे नियम वेगळे असतात. आपोआप तयार झालेली डी व्हेरिएबल्स मात्र डायलॉगमधून लपवा. वापरणाऱ्यासमोर जेवढं त्याने बदलावं तेवढंच असू द्या.

तपासणीसाठी वेगळं मॉडेल ठेवा. त्यात सगळ्यात लहान बीम, सगळ्यात मोठा बीम, उतरता बीम, कॉलमच्या दोन्ही बाजूंना आलेले बीम आणि वेगळ्या दिशेने वळवलेला कॉलम एवढं तरी असावं. कंपोनंटच्या चिन्हाचा हिरवा रंग म्हणजे ते तयार झालं, पिवळा म्हणजे तयार झालं पण काही अडचण आहे, लाल म्हणजे जमलं नाही. हिरवा रंग पाहून काम झालं समजू नका. चुकीच्या प्लेनला बांधलेली प्लेटही हिरवीच दिसते. नंबरिंग चालवा आणि सारख्या प्लेट्सना सारखाच मार्क येतो का ते पाहा. १ मिमीपेक्षा कमी फरकाने वेगळे मार्क पडत असतील तर एखादा फॉर्म्युला पूर्णांकाऐवजी अपूर्णांक देतो आहे, तिथे राउंड लावा.

रेव्हिट या दुसऱ्या मॉडेलिंग सॉफ्टवेअरवाल्यांनीही हेच विचारलं होतं, म्हणून थोडक्यात. तिथे फॅमिली (तिथलं कंपोनंट) बनवताना आधी रेफरन्स प्लेन, मग त्यांच्यामधली मापं, मग मापांना पॅरामीटरचं लेबल, आणि भूमिती सगळ्यात शेवटी. भूमिती प्लेनला लॉक करा, दुसऱ्या भूमितीला नाही. प्रत्येक पॅरामीटर दिल्यावर लगेच मापं बदलून फॅमिली हलवून पाहा. शेड्यूलमध्ये किंवा टॅगमध्ये दिसायला हवा असा पॅरामीटर सुरुवातीपासूनच शेअर्ड करा, नंतर बदलणं त्रासाचं होतं. आर्किकॅडमध्ये जीडीएल ही त्याची स्क्रिप्टची भाषा लिहिणाऱ्यांना हा क्रम आपसूकच पाळावा लागतो, कारण तिथे आकार स्क्रिप्टमधूनच येतो.

शेवटी तुमच्या हातातल्या कामाचं. चालू मॉडेलमध्ये तुमचं कंपोनंट आधीच बऱ्याच ठिकाणी लागलेलं असेल. एडिटरमध्ये बदल करून सेव्ह केलं की मॉडेलमधली त्याची सगळी रूपं एकदम बदलतात, अगदी ज्यांची ड्रॉइंग शॉपला गेली आहेत तीसुद्धा. म्हणून दुरुस्ती सेव्ह अ‍ॅज करून नव्या नावाने करा, नावात आवृत्तीचा क्रमांक ठेवा, आणि ज्याची ड्रॉइंग अजून शॉपला सोडलेली नाहीत त्या भागातच नवं कंपोनंट लावा. तपासून झालं की ते यूईएल फाइल म्हणून एक्स्पोर्ट करून ऑफिसच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवा. मॉडेलच्या फोल्डरमध्ये ठेवलेली फाइल मॉडेलसोबतच हरवते. सोबत एका पानावर लिहा: मेन पार्ट कोणता, सेकंडरी कोणता, कोणत्या सेक्शनवर तपासलं आणि कोणत्या परिस्थितीत हे वापरू नये.